घसाऱ्याची वाट

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील मेन राज्यात कटाडिन हा सुमारे १,६०० मीटर उंचीचा पर्वत आहे. पेनॉबस्कॉट या तेथील मूळ रहिवाशांनी दिलेल्या या नावाचा अर्थ 'सर्वांत मोठा पर्वत' असा होतो. १८१६ साली त्याच्या एका अंगाची दरड कोसळली. झाडोरा वाहून जाऊन उघडा पडलेला तो पट्टा पुढे शिखराकडे जाणारी वाट ठरला. पर्वताचे ढासळणे माणसाच्या आरोहणाला उपकारक झाले.

मात्र अशी वाट कधी पुरती स्थिरावत नाही. अखंड कातळावर पाय निसटला तर त्याचे फळ बहुधा निसटणाऱ्यालाच भोगावे लागते. घसाऱ्यावर तसे नसते. वरच्याच्या पावलाने सुटलेला धोंडा त्याला न दिसणाऱ्या खालच्या माणसाकडे धावतो. म्हणून जाणते गिर्यारोहक एकमेकांच्या माथ्यावर येतील असे चढत नाहीत. अरुंद घळीत एकजण आडोशाला पोहोचेपर्यंत दुसरा थांबतो, आणि दगड सुटताच वरचा ओरडून सावध करतो.

हेतू नसताना घडलेल्या अपायाचे उत्तरदायित्व कोठवर मानावे? दगड मुळातच सैल होता, आणि खालचा माणूस स्वेच्छेने आला होता. ही दोन्ही विधाने खरी आहेत. तरीही त्यांनी वरच्याची सुटका होत नाही. दगड हलल्याचे प्रथम त्यालाच कळते, आणि जे कळले त्यातूनच कर्तव्य उत्पन्न होते. उंची हा येथे मान नसून भार आहे. शिवाय आज जो वर आहे, त्याच्याही वर कोणीतरी असतेच.

कटाडिनची ही वाट २०१० नंतरच्या दशकात उतार फार सैल झाल्यामुळे काही काळ बंद ठेवण्यात आली आणि शेजारच्या अधिक पक्क्या भूमीवरून नव्याने आखण्यात आली. दगड कोणाच्या पायाने सुटेल याची वाट न पाहता घेतलेला तो निर्णय होता.

याच पर्वतावर १८४६ च्या सप्टेंबरात हेन्री डेव्हिड थोरो चढला. त्याच वर्षी जुलैत कर नाकारल्याबद्दल त्याने एक रात्र तुरुंगात काढली होती. त्या अनुभवातून आलेला आणि पुढे गांधीजींनी वाचलेला त्याचा निबंध शासनाच्या आज्ञेपेक्षा व्यक्तीच्या विवेकाला श्रेष्ठ मानतो. कटाडिनवर घसाऱ्याचा मोठा पट्टा डावीकडे टाकून, सोबत्यांना मागे ठेवून, तो एकटाच ढगांत शिरला. शिखर मात्र त्याने गाठले नाही. ढग केव्हा हटतील याचा भरवसा नव्हता, आणि अंधारापूर्वी नदी गाठण्याची सोबत्यांना निकड असेल, हे त्याने जाणले. कोणी हाक मारली नव्हती, तरी तो परतला.

सोबती त्याला जेथे सोडले होते तेथेच भेटले. ते डोंगरावरची रानफळे वेचीत होते.