पहिल्या नांगराचे ऋण

कोलकात्याच्या बेहाला या उपनगरातून डायमंड हार्बर रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की सखेरबाजार आणि त्यापुढे ठाकूरपुकुर ही ठिकाणे लागतात. २०२२ च्या अखेरीपासून या रस्त्याच्या माथ्यावरून मेट्रोही धावू लागली आहे. ‘पुकुर’ म्हणजे तळे. मुख्य रस्ता सोडून वस्तीत शिरले, तर गल्लीच्या वळणावर, दोन इमारतींच्या बेचक्यात, अशी लहानमोठी तळी अजूनही आढळतात. पाहुण्याला ती शोभेची वाटतात. मुळात ती गरजेपोटी खणलेली असतात. बंगालच्या सखल त्रिभुज प्रदेशात घर बांधायचे, तर आधी खड्डा खणावा लागे. निघालेल्या मातीचा उंचवटा करून त्यावर झोपडी उभी राही आणि खड्ड्यात पावसाचे गोडे पाणी साठे. त्या उंचवट्याला बंगालीत ‘भिटे’ म्हणतात. घर पडते, वंश पांगतो, उंचवटा सपाट होतो. तळे मात्र मागे राहते. अशा भूमीतील जुने तळे हा कोणा एका पहिल्या कुणब्याने मागे ठेवलेला एकमेव दस्तऐवज असू शकतो.

त्या कुणब्याचे चरित्र कोणी लिहिले नाही. परंतु कामाचा क्रम ठाऊक असला, की आयुष्याची रूपरेषा ताडता येते. सुंदरबनाचे रान त्या काळी आजच्यापेक्षा पुष्कळ उत्तरेपर्यंत पसरलेले होते. आधी ते तोडायचे, बुंधे उपटायचे. भरतीचे खारे पाणी अडवण्यासाठी बांध घालायचा. मग काही पावसाळे वाट पाहायची. जमिनीतले मीठ पावसाने धुऊन निघाल्यावाचून भात धरत नाही. म्हणजे ज्या वर्षी सर्वाधिक कष्ट, त्या वर्षी पीक जवळजवळ नाहीच. वाघ, साप, हिवताप यांतून वाचलेली मुले ज्या शेतात पोटभर जेवली, ते शेत पिकते होईपर्यंत बाप थकलेला असणार. अशा माणसाच्या मरणाची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. त्याचे मरण घडते ते घरातल्या एका माणसाने कमी होऊन, आणि दुसऱ्या दिवशी बांधावर मुलाने उभे राहून.

याउलट, याच परिसरातील कागदाचा इतिहास ठळक आहे. बेहाल्यातील बडिशा येथे सावर्ण रायचौधुरी हे जमीनदार घराणे नांदले. १६०८ मध्ये मोगल दरबाराकडून लक्ष्मीकांत या पुरुषाला जहागीर मिळाली, असे त्या घराण्याची परंपरा सांगते. लक्ष्मीकांताच्या जन्मवेळीच आई वारली आणि पित्याने अर्भकाला मागे ठेवून संन्यास घेतला, अशीही कथा आहे. पुढे १० नोव्हेंबर १६९८ रोजी या घराण्याने सुतानुटी, गोविंदपूर व कलिकाता या तीन गावांचे हक्क १,३०० रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीकडे दिले. फारसीतल्या त्या दस्ताने जे हस्तांतरित झाले, ती जमिनीची मालकी नव्हती. महसूल वसूल करण्याचा अधिकार होता. म्हणजे देणाऱ्याने रान तोडले नव्हते आणि घेणाऱ्यालाही ते तोडायचे नव्हते. ज्याने तोडले, त्याचे नाव त्या कागदावर येण्याचे कारणच नव्हते.

कोलकात्याचा संस्थापक कोण, हा वाद पुढे न्यायालयात गेला. २४ ऑगस्ट १६९० रोजी सुतानुटीला उतरलेला जॉब चार्नक हा संस्थापक मानता येणार नाही, असा निर्णय उच्च न्यायालयाने १६ मे २००३ रोजी दिला. एका व्यापाऱ्याकडून हा मान काढून घेतला, हे योग्यच झाले. पण तो मान कोणाकडे जावा, असे विचारले, तर आपल्याला पुन्हा त्या तळ्याकाठी यावे लागते.

जमीन कोणाची, हा प्रश्न जुना आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात त्याचे एक उत्तर येते: ज्याने बुंधे काढून जमीन साफ केली, शेत त्याचे, जसे हरिण प्रथम बाण मारणाऱ्याचे. हे उत्तर कोठे आले आहे, तेही पाहण्यासारखे आहे. तेथे चर्चा चालली आहे ती संततीची: मूल बीज पेरणाऱ्याचे की क्षेत्राच्या स्वामीचे? शेताचे नाते आणि पितृत्वाचे नाते त्या स्मृतिकाराने एकाच तराजूत तोलले आहे, आणि त्या तोलण्यात क्षेत्र झालेल्या स्त्रीला स्वतःचा शब्द नाही. चार्नक सुतानुटीला उतरला, त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जॉन लॉकनेही असाच सिद्धांत मांडला: मनुष्य आपले श्रम ज्यात मिसळतो, ती वस्तू त्याची होते. इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे, अशी अटही त्याने घातली.

या सिद्धांताचे आकर्षण उघड आहे. ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेमागे तोच न्याय आहे. १ एप्रिल १९५७ हा मुंबई राज्यात कृषक दिन ठरला आणि कुळे मालक मानली गेली, ती या न्यायाने. परंतु त्याची दुसरी बाजू दृष्टीआड करता येत नाही. १८६२ च्या कायद्याने अमेरिकेने एकशे साठ एकरांचे तुकडे पाच वर्षे राहून कसणाऱ्यांना देऊ केले. तेथेही कष्टाळू बाप होते, हिवाळ्यात दगावलेली मुले होती. त्यांचे कष्ट खोटे नव्हते. खोटे होते ते एवढेच, की ती भूमी मोकळी आहे. तेथे आधीपासून माणसे राहत होती. आपल्या पहिल्या कुणब्याविषयीही हे विचारले पाहिजे. त्याने तोडले, त्या रानात मध गोळा करणारा, मासे धरणारा कोणी नव्हताच काय? ‘पहिला’ हा शब्द बहुधा मागून आलेल्यांनी ठरवलेला असतो. म्हणून श्रमाने हक्क उत्पन्न होतो हे मान्य करूनही, त्या हक्काला लॉकने घातलेली अट विसरता येत नाही.

मग बाप मरताना मुलाच्या हाती काय देतो? येथे बंगाल आणि महाराष्ट्र यांनी दोन निराळी उत्तरे दिली. कल्याणीच्या चालुक्य दरबारी लिहिलेल्या विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेनुसार वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा हक्क त्याच्या जन्माबरोबर येतो. बंगालने जीमूतवाहनाचा दायभाग मानला. त्यानुसार बाप जिवंत असेतो मालक तोच, मुलाचा हक्क जन्मतो तो बापाच्या मृत्यूने. मुलींना मिताक्षरेच्या एकत्र कुटुंबात मुलाइतका जन्मसिद्ध हक्क मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले. वकिलाला हा वाटणीचा भेद वाटेल. मला त्यात दोन प्रकारची नम्रता दिसते. मिताक्षरा बापाला सांगते, की तू कमावलेले तुझ्यानंतरच्यांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायचे आहे. दायभाग मुलाला सांगतो, की जे तुझे होणार, त्यासाठी एक मरण खर्ची पडले आहे.

गोव्याने या ऋणाला आणखी एक रूप दिले. खारे पाणी बांधांनी अडवून तेथेही खाजणशेती उभी राहिली. ते काम एकट्याचे नव्हते, गावकरीचे होते. तेथील कित्येक देवालयांच्या आवारात ‘ग्रामपुरुष’ पूजला जातो. तो गाव वसवणारा मानला जातो. त्याचे नाव पुष्कळदा कोणालाच ठाऊक नसते. त्याच्यापुढे नारळ ठेवणारा त्याच्या वंशाचा असेलच, असे नाही. बंगालमध्येही पौष संक्रांतीला, आपल्याकडे तिळगूळ वाटतात त्याच दिवशी, अनेक घरी वास्तुपूजा होते. ज्या मातीवर घर उभे आहे, तिला त्या दिवशी खीर अर्पण करतात.

या चालीरीतींत एक विचार आहे, आणि तो मला मनू व लॉक यांच्यापेक्षा अधिक खोल वाटतो. पहिल्या नांगराने जो हक्क निर्माण केला, तो त्या माणसाबरोबर संपला. मागे उरले ते ऋण. हक्काला वारस लागतो, कागद लागतो, साक्षीदार लागतात. ऋण मात्र बांधावरून चालणाऱ्या प्रत्येकावर येते, मग तो कोठूनही आलेला असो. बेहाल्यात भाड्याच्या खोलीत राहणारा मराठी माणूसही त्या तळ्याच्या मातीवरच झोपतो.

हे ऋण फेडायचे कसे, हा प्रश्न आज तेथे अगदी व्यवहाराचा झाला आहे. पश्चिम बंगालच्या १९८४ च्या अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय कायद्याने पाच कठ्ठे वा त्याहून मोठे तळे बुजवण्यास मनाई आहे. तरी राडारोडा टाकून तळी बुजवल्याच्या तक्रारी होत राहतात. जो बुजवतो, त्याच्याजवळ बहुधा कागद असतो, आणि तो वारसही असू शकतो. पण रान तोडणाऱ्या बापाने मुलाला जमीन दिली ती पाण्यासह दिली होती. पावसाळ्यात बांध सांभाळण्याचे काम तिच्याबरोबर दिले होते. ते काम टाकून जमीन तेवढी ठेवणाऱ्याला वारस म्हणावे काय, एवढेच या प्रश्नाचे मर्म आहे. माझे उत्तर नकारार्थी आहे. सखेरबाजारच्या आतल्या गल्लीत एखादी म्हातारी संध्याकाळी तळ्याच्या पायरीवरची पाने झाडून काढताना दिसते. सातबारा कोणाच्याही नावे असो, त्या अनाम शेतकऱ्याचा वारसा तेवढा वेळ तिच्याकडे असतो.