फुलाकडून पाटीकडे

१६ जानेवारी १९६७ च्या गोव्यातल्या जनमत कौलात पेडणे आणि सत्तरीकडची मते फुलावर पडली. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश. दोन पाने ३४,०२१ मतांनी जिंकली. नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी उशिरा जिंकलेल्या ह्या तालुक्यांत, मराठी म्हणजे भजन, दशावतार आणि पोरांची शाळा. आधी जिंकलेल्या जुन्या काबिजादीतले चित्र वेगळे होते. हरलेल्या बाजूचे नेते होते पेडण्याचे भाऊसाहेब बांदोडकर. त्यांची मुलगी शशिकला काकोडकर, म्हणजे ताई, ह्यांच्या राजकारणाकडे मला त्या पराभवापासूनच पाहावेसे वाटते.

१२ ऑगस्ट १९७३ ला भाऊ गेले आणि त्यांच्या जागी ताई मुख्यमंत्री झाल्या. डिचोलीने त्यांना विधानसभेत पाठवले होते. विलीनीकरणाची भाषा आता मागे पडली होती. भाटकार म्हणजे जमीनदार आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा; अशा भाटकार-मुंडकाराच्या गावात लोकांना राज्य कोणते ह्यापेक्षा पायाखालची जमीन कोणाची हे आधी कळायला हवे होते. मुंडकार कायदा आणि ‘कसेल त्याची जमीन’ हे ताईंच्या कारकिर्दीतले खरे काम. एप्रिल १९७९ मध्ये त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षातल्याच (मगो) फुटीने सरकार कोसळले. पुढे काँग्रेस, मग स्वतःचा पक्ष, मग पुन्हा मगो. हा भाग फारसा गौरवाचा नाही.

१९९० मध्ये त्या शिक्षणमंत्री झाल्या आणि मराठीचा जुना आग्रह नव्या रूपात आला. सरकारी अनुदान फक्त भारतीय भाषांतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांना मिळेल असे ठरले. गंमत बघा, ह्याचा मोठा लाभ झाला कोकणीला. चर्चच्या कितीतरी इंग्रजी शाळा कोकणी माध्यमाच्या झाल्या. विलीनीकरणवाद्याच्या मुलीने कोकणीला वर्गात बसवले, आणि ह्यात तिला काही विसंगती वाटली नाही. प्रश्न सीमेचा राहिला नव्हता. पहिलीतल्या पोराच्या तोंडात आलेल्या बोलीचा झाला होता.

२०११ मध्ये सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान देऊ केले, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्या भारतीय भाषा सुरक्षा मंचात ताई उतरल्या. तिथे उदय भेंब्रे होते, ‘राष्ट्रमत’ दैनिकाच्या ‘ब्रह्मास्त्र’ सदरातून विलीनीकरणावर तुटून पडलेले तेच भेंब्रे. एकेकाळचे हे दोन विरोधी गट एका व्यासपीठावर आले, हा मला गोव्याच्या भाषावादातला सर्वांत बोलका प्रसंग वाटतो.

पण समोर कोण होते? विरोध चर्चच्या शाळांतल्या पालकांपुरता नव्हता. भाऊंनी गावोगाव काढलेल्या मराठी शाळांत शिकून नोकरीला लागलेल्यांची मुलेही इंग्रजीत जाऊ लागली होती. मंचाची भूमिका शिक्षणशास्त्राला धरून होती, पण नोकरी कुठे मिळते हे पाहणाऱ्या बापाला द्यायला तिच्याजवळ उत्तर नव्हते. २०१२ मध्ये सरकार बदलले, अनुदान मात्र राहिले. २८ ऑक्टोबर २०१६ ला ताई गेल्या, तेव्हाही ते सुरूच होते.