चिलटांचे पथ्य

केळी जरा जास्त पिकली की आमच्या स्वयंपाकघरात चिलटे येतात. हिंगण्याचे कर्वेनगर झाले, शेते जाऊन इमारती आल्या, चिलटे मात्र होती तिथेच आहेत. वाटीत थोडे व्हिनेगर, वर कागदाचा शंकू, की सकाळपर्यंत दहा-बारा बुडालेली असतात. याचे मला कधी काही वाटले नाही.

माझी भाची पाषाणच्या एका प्रयोगशाळेत हीच चिलटे पाळते. (आंब्यात अळी घालणारी फळमाशी ती निराळी.) काचेच्या नळीत मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगर यांचा शिजवलेला लगदा, २५ अंश उष्णतेत सुमारे १० दिवसांत अंड्याची माशी होते. मॉर्गनला १९१० साली पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला तो याच जातीत. तेव्हापासून आनुवंशिकतेच्या शास्त्राने तिला सोडलेले नाही, आणि आता आहारशास्त्रही तिच्या दाराशी आले आहे. लगद्यात साखर बेसुमार वाढवली की अळीच्या अंगरसातली साखर चढते, आणि इन्सुलिनला तिच्या पेशी दाद देईनाशा होतात. थोडक्यात, अळीला मधुमेह होतो. मला तो गेली ९ वर्षे आहे.

हे ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे. माशी आपल्यासारखी नसेल तर हा सारा खटाटोप व्यर्थ. आणि असेल, तर तिला मुद्दाम आजारी पाडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? भाची म्हणते, "मामा, साखर पचवण्यात सारखी, दुःख भोगण्यात नव्हे." असेलही. पण हा निवाडा ज्याने केला त्याचाच त्यात फायदा आहे, हे कसे विसरायचे? उंदरावर प्रयोग करायचा तर समितीची परवानगी लागते, माशीसाठी लागत नाही. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण रेघेपलीकडे काहीच नाही, असे त्यावरून ठरत नाही.

तिचा दुसरा प्रयोग उपाशीपणाचा. यीस्ट कमी केले की माश्या जास्त दिवस जगतात, अंडी मात्र कमी घालतात. हे ऐकून आमचे एक शेजारी लगेच अण्णासाहेब कर्व्यांवर आले. १९०० साली अण्णांनी हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधली, पुण्याहून पायी जा-ये केली, आणि १९६२ साली १०४ वर्षांचे होऊन गेले. सारे अल्पाहाराचे फळ! मला हा हिशेब पटत नाही. अण्णांनी आपली काटकसर स्वतः पत्करली होती. नळीतल्या माशीचे अर्धे यीस्ट दुसऱ्याच कोणी ठरवलेले असते, आणि वाढलेल्या दिवसांचे ती काय करते, हे कोणी विचारीत नाही. मोजतात तेवढे दिवस.

तरीही भाचीला हे काम सोड, असे मी म्हणणार नाही. मी रोज जी गोळी घेतो तिच्यामागे कितीतरी उंदीर गेले असतील. ती गिळून मग दयेच्या गोष्टी सांगणे मला शोभणार नाही. किती माश्या लागतील याचा हिशेब ती आधी करते, त्याहून एकही जास्त मारीत नाही, आणि मेलेल्या प्रत्येकीची वहीत नोंद ठेवते.

परवा ती घरी आली होती. ओट्यावरची वाटी तिने उचलली, आत डोकावून सवयीने मोजले.

"अकरा," ती म्हणाली. "मामा, या कशासाठी?"

मी केळी फ्रिजमध्ये ठेवली.