आधी बूड पाहावे

पहिल्या महायुद्धातल्या तोफगोळ्याची रिकामी पितळी पुंगळी, तिच्यावर ठोकून उठवलेली ओकची पाने आणि मधोमध ‘वर्दून 1916’ ही अक्षरे. युरोपातल्या जुन्या बाजारांत आणि लिलावांत अशा फुलदाण्या ‘ट्रेंच आर्ट’ म्हणून आजही विकल्या जातात. एका सैनिकाने खंदकात बसून, डोक्यावरून गोळे जात असताना ही घडवली, असे विकणारा हमखास सांगतो आणि घेणाऱ्याची नजर नक्षीवर खिळते. माझे म्हणणे एवढेच, की अशी वस्तू हाती आली की आधी ती उलटी करावी. तिचा जबाब बुडावर लिहिलेला असतो.

फ्रेंच 75 मिलिमीटर तोफेच्या पुंगळीच्या बुडावर तोफेचा प्रकार, कारखान्याची आद्याक्षरे, उत्पादनाचा गट आणि साल ठोकलेले असते. जर्मन 77 मिलिमीटरच्या पुंगळीवर माग्डेबुर्गच्या पोल्टेसारख्या कारखान्याचे नाव आणि त्याखाली महिना व साल मिळते. ब्रिटिश 18 पौंडी तोफेच्या पुंगळीवर सरकारी मालकीचा बाण असतो, शिवाय ती पुन्हा भरून वापरल्याच्या खुणाही असतात. पितळ महाग होते, रिकाम्या पुंगळ्या गोळा करून कारखान्यात परत धाडायच्या असा नियम होता. म्हणजे फुलदाणी झालेली प्रत्येक पुंगळी त्या हिशेबातून निसटलेली आहे.

बुडावरचे साल ही फक्त आधीची हद्द. त्याआधी ती वस्तू घडणे शक्य नाही, एवढेच ते सांगते. वर्दूनची लढाई फेब्रुवारी ते डिसेंबर 1916 चालली. नक्षीत ‘वर्दून 1916’ आणि बुडावर 1918 असेल, तर ती त्या लढाईत घडलेली नाही, हे कुणा तज्ज्ञाला न विचारता कळते.

कामाची पद्धतही तेच सांगते. पितळ तापवून नरम करायचे, आत राळ किंवा शिसे भरायचे, मग छिन्नी-हातोडीने नक्षी उठवायची, कडक झाले की पुन्हा तापवायचे. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम करणाऱ्या कारागिराला यातले निम्मे न सांगता समजेल. शत्रू हाकेच्या अंतरावर असताना अशी ठोकाठोक कोण करू देईल? हे काम मुख्यतः पिछाडीला झाले: इंजिनियर पलटणींच्या कार्यशाळांत, नालबंदांच्या भट्ट्यांवर, युद्धकैद्यांच्या छावण्यांत. ब्रिटिश आणि फ्रेंचांनी मिळून सुमारे 1,40,000 चिनी मजूर पश्चिम आघाडीवर नेले होते. त्यांनी पुंगळ्यांवर ड्रॅगन, बांबू आणि पक्षी कोरले. आणि युद्ध संपल्यावर ईप्रसारख्या उद्ध्वस्त शहरांकडे परतलेल्या बेल्जियन आणि फ्रेंच लोकांनी शेतात पडलेले पितळ उचलून त्याच्या फुलदाण्या केल्या आणि रणभूमी पाहायला येणाऱ्यांना विकल्या.

हे कळले की काही संग्राहकांचा विरस होतो. मला मात्र वस्तूची किंमत इथेच वाढलेली दिसते. निकोलस साँडर्स या मानवशास्त्रज्ञाने या वस्तूंचा गंभीर अभ्यास केला. त्यांत सैनिकांइतकेच कैदी आणि नागरिक यांचेही काम आहे, हे त्याने दाखवून दिले. पलटणींच्या इतिहासांत चिनी मजुराला एखादी ओळ मिळते, घर गमावलेल्या बेल्जियन लोहाराला तीही नाही. 1920 च्या दशकात नवऱ्याचे थडगे शोधत आलेली इंग्रज विधवा ज्याच्याकडून फुलदाणी घेऊन गेली, त्याचे छप्पर त्याच युद्धाने उडवलेले होते. खंदकातल्या शूराची तयार कथा चिकटवली की अशी सगळी माणसे पुसली जातात. अशा कथेला मी खोटेपणाच म्हणेन.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे: माणसे मारणाऱ्या साधनाची शोभेची वस्तू करून ती जमवावी का? इथे लष्करी तपशील कामाला येतो. बार उडाला की गोळा पुढे जातो, पुंगळी मात्र तोफेपाशीच उरते. म्हणजे फुलदाणी ही मारणाऱ्याच्या बाजूची वस्तू. उलट, पाकीट फोडायची तांब्याची सुरी बहुधा गोळ्याभोवतीच्या तांब्याच्या पट्ट्यातून केलेली असते. नीट पाहिले तर तिच्यावर तोफेच्या नळीतल्या पिळाने पाडलेल्या तिरप्या खाचा दिसतात. तो गोळा उडून, पडून, फुटलेला आहे. फ्रेंच सैनिक जर्मन गोळ्यांच्या फ्यूजमधले अॅल्युमिनियम वितळवून अंगठ्या करत, त्याही अशाच समोरून आलेल्या. फ्रान्समधल्या सोमच्या लढाईआधीच्या आठवड्यात ब्रिटिश तोफांनी सुमारे 15 लाख गोळे झाडले. तरी 1 जुलै 1916 या एका दिवसात त्यांचे 57 हजारांहून अधिक सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्या वर्षीच्या 18 पौंडी पुंगळीला हा संदर्भ जोडून ती मांडली, तर ती साक्ष देते. संदर्भ तोडला की नुसते चकचकीत पितळ उरते, आणि तसे ते मिरवण्यावरचा आक्षेप मला मान्य आहे.

चकाकीवरून आठवले. चिंच-मीठ लावून किंवा पावडरने घासून या वस्तू लखलखीत करण्याची सवय घातक आहे. बारीक कोरीव काम आणि बुडावरचे ठसे आधी झिजतात. धूळ मऊ फडक्याने पुसावी, बाकी काळपटपणा राहू द्यावा.

आपला याच्याशी संबंध दूरचा नाही. आजच्या इराकमधल्या कुत-अल्-अमाराच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या, 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली तेव्हाही होत्या. त्याच आघाडीवर अमारा गावचे मंदाई पंथाचे सोनार चांदीच्या डब्यांवर काळ्या नक्षीत नावा आणि उंट रेखून सैनिकांना विकत. आपल्याकडच्या अनेक गावांत संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून महायुद्धाला इतके लोक गेले, त्यांपैकी इतके कामी आले. त्या पाट्यांवर आकडे आहेत, नावे नाहीत. अशा घरांत पणजोबांनी आणलेली पितळेची फुलदाणी, चांदीची डबी, नाव कोरलेला मग असू शकतो. ती वस्तू मोडीत घालण्याआधी उलटी करून बुडाचा आणि नक्षीचा फोटो काढा. कोणी आणली, आणणारा कोणत्या पलटणीत होता, घरात काय सांगत आले, हे एका कागदावर लिहून वस्तूसोबत ठेवा. सांगणारी म्हातारी माणसे घरात आहेत तोवर हे करा.