पिकल्या फळाचा देठ



माघात परसात लावलेले खरबूज वैशाखात पिकते. सुगंध सुटतो, देठाभोवती बारीक चीर पडते आणि हात लावताच फळ वेल सोडते. घाईने ओढलेल्या फळाची गोडी पुढे वाढत नाही. कारण साखर पानांतून येते आणि तो ओघच तुटतो.

ऋग्वेदाच्या ७ व्या मंडलातील मृत्युंजय मंत्रात अशाच वेलफळाचा, उर्वारुकाचा, दृष्टांत आहे. मृत्यूच्या बंधनातून आम्ही तसे सहज सुटावे, अमृतापासून मात्र सुटू नये, अशी ती प्रार्थना आहे.

वडीलधाऱ्यांस उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नाही. आम्ही तरुणांनी मात्र घराच्या किल्ल्यांसाठी त्यांचा देठ ओढू नये. पक्वता आली की ते आपणच हात सोडवितील. तोवर मुळाशी पाणी घालणे हेच आमचे पूजन होय.