कार्ड घरचे, कर्ज कोणाचे?



दिव्य कुरआनच्या सूरह अन्-नूरमधील ६१ व्या आयतीत अल्लाहने अशा घरांचा उल्लेख केला आहे, जेथे जेवायला बसण्यात कोणताही दोष नाही. पित्याचे घर, मातेचे घर, भाऊ, बहीण, चुलता, आत्या, मामा, मावशी यांची घरे. आणि याच ओळीत ती घरेही आहेत, ज्यांच्या चाव्या आपल्या हाती सोपविलेल्या आहेत. भाष्यकार सांगतात की, मोहिमेवर निघालेले सहाबा (रजि.) घराच्या चाव्या मागे राहणाऱ्यांकडे देत आणि घरातले खा असे सांगत; तरीही ते लोक संकोचाने अन्नाला हात लावीत नसत. हा संकोच या आयतीने दूर केला. परंतु मुभा मिळाली ती अन्नाची. चावी हाती आहे म्हणून घरधन्याच्या नावावर उधारी करण्याची मुभा तिच्यात कोठेही नाही.

आज आपल्या घरांत क्रेडिट कार्डाच्या रूपाने एक नवी चावी आली आहे. धाकट्या भावाला मोबाइल घ्यायचा असतो, त्याच्याकडे कार्ड नसते, थोरल्याकडे असते. फोन येतो, "भाईजान, कार्डाचा नंबर तेवढा पाठवा. आता ओटीपी आला असेल, तोही सांगा. पगार झाला की देतोच." अब्बा समोर बसलेले असतात. नातेसंबंध जोडून ठेवण्याची शिकवण लहानपणापासून कानांवर पडलेली असते. नाही म्हणणे जड जाते आणि नंबर पाठविला जातो. कधी तर कार्डच हाती दिले जाते, आणि पाच हजार रुपयांपर्यंतचा व्यवहार यंत्राला कार्ड टेकवून, पिन न विचारताच होऊ शकतो. देणाऱ्याला वाटते, आपण भावाला मदत केली. वास्तविक त्याने स्वतःच्या नावाने कर्ज काढलेले असते.

या बाबतीत देशाचा नियम स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने आपला गुप्त क्रमांक किंवा ओटीपी दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवीपर्यंतचा संपूर्ण तोटा ग्राहकाचाच. पत्नीसाठी किंवा मुलासाठी रीतसर जोडकार्ड घेतले, तरी त्यावरील खर्चाची जबाबदारी मूळ कार्डधारकावर राहते. हप्ता चुकला तर नोंद भावाच्या नावापुढे होत नाही. ती आपल्या नावापुढे होते आणि उद्या घरासाठी अर्ज करताना समोर येते.

परंतु बँकेच्या नोंदीपेक्षा मोठी नोंद वेगळीच आहे. हजरत जाबिर (रजि.) यांच्या कथनानुसार, एका मृताचा जनाजा आणला गेला. त्याच्यावर दोन दीनारांचे कर्ज होते. प्रेषित मुहम्मद (स.) नमाज पढविण्यास पुढे झाले नाहीत. तेव्हा हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते दोन दीनार आपल्यावर घेतले आणि मग नमाज झाली. हा प्रसंग आपण अनेकदा ऐकतो. त्याचा पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. दुसऱ्या दिवशी प्रेषितांनी (स.) अबू कतादा (रजि.) यांना त्या दोन दीनारांविषयी पुन्हा विचारले. ते फेडल्याचे कळले तेव्हाच मृताला आराम मिळाल्याचे त्यांनी सांगितले. दुसऱ्याचे कर्ज शब्दाने अंगावर घेणे एवढे गंभीर असेल, तर ओटीपी सांगताना आपण काय बोलून बसतो याचा विचार करावा.

व्याजाचा प्रश्न याहूनही नाजूक आहे. जागतिक इस्लामी फिक्ह अकादमीने २००० साली रियाध येथील अधिवेशनात ठराव केला की, ज्या कार्डाच्या करारात व्याजाची अट आहे, ते मुदतीत पैसे भरण्याचा इरादा असला तरी वापरू नये. काही आदरणीय उलमा मात्र गरजेपोटी परवानगी देतात. त्यांची अट अशी की, संपूर्ण रक्कम मुदतीच्या आत भरली जावी आणि व्याज लागण्याची वेळच येऊ नये. आपल्यापैकी बहुतेक कार्डधारक याच मताच्या आधाराने कार्ड वापरतात. परंतु खर्च दुसऱ्याने करायचा आणि पैसेही त्याच्याकडून यायचे ठरले, तर ती अट पाळणे आपल्या हाती राहते काय? भावाचा पगार लांबला, आपल्याजवळही रक्कम नसली, की पत्रकावरील 'किमान रक्कम' भरली जाते. तेथून दरमहा तीन टक्के किंवा त्याहून अधिक दराने व्याज सुरू होते. ज्या फतव्याच्या आधाराने आपण निश्चिंत होतो, त्याचा आधारच सुटतो. म्हणून माझे मत असे की, ज्याला द्यायचे त्याचे पूर्ण पैसे आज स्वतःच्या खात्यातून भरण्याची ऐपत नसेल, त्याने कार्ड देऊ नये. आणि ऐपत असेल, तर कार्ड कशाला? कर्जे-हसना म्हणून रोख द्यावे.

एक गोष्ट लिहिताना संकोच होतो, पण लिहिली पाहिजे. काही घरांत नोकरी करणाऱ्या पत्नीचे किंवा बहिणीचे कार्ड तिला न विचारता वापरले जाते. विचारले तरी असे की, नकार देता येऊ नये. स्त्रीची कमाई तिची आहे, हे सूरह अन्-निसामध्ये (४:३२) स्पष्ट आहे. महरमधला काही भाग तिने सोडला, तर तोही तिच्या मनाच्या खुशीने सोडलेला असावा (४:४). जिभेवर होकार आणि मनात घालमेल, याला खुशी म्हणत नाहीत. उलट बाजूही सांगितली पाहिजे. अबू सुफियान (रजि.) पुरेसा खर्च देत नाहीत, अशी तक्रार हिंद (रजि.) यांनी केली, तेव्हा स्वतःला व मुलांना रीतीप्रमाणे पुरेल एवढे त्यांच्या संपत्तीतून घेण्याची परवानगी प्रेषितांनी (स.) दिली. घरखर्च हा पत्नीचा हक्क आहे. त्यासाठी तिला चोरून कार्ड वापरावे लागत असेल, तर दोष पतीचा आहे.

मग उधार द्यायचे कसे? कुरआनची सर्वांत मोठी आयत (२:२८२) याच विषयावर आहे. कर्ज लहान असो वा मोठे, मुदतीसह लिहून ठेवा आणि लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आदेश आहे. तिच्यात भावाला सूट दिलेली नाही. एका कागदावर रक्कम, तारीख, परतीची मुदत, दोघांच्या सह्या आणि साक्षीदारांची नावे, एवढे पुरे. "भाईजान, माझ्यावर विश्वास नाही का?" असे तो म्हणेल. त्याला ती आयत वाचून दाखवावी.

या कागदाचे खरे मोल वारसावाटपाच्या दिवशी कळते. सूरह अन्-निसामध्ये (४:११-१२) वारसांचे हिस्से ठरवून दिले आहेत, पण ते कर्ज फेडल्यानंतरचे. समजा, अब्बांच्या कार्डावर मुलाने दुकानाचा माल घेतला, दोन लाखांची बाकी राहिली आणि अब्बांचे निधन झाले. ते दोन लाख आधी अब्बांच्या मालमत्तेतून जातील. उरलेल्यातून मुलीला हिस्सा मिळेल, म्हणजे भावाच्या मालाची किंमत काही अंशी तिच्याही वाट्यातून फिटेल. कागद असेल, तर ते दोन लाख मुलाकडून अब्बांचे येणे म्हणून वाटपात मोजले जातील. कागद नसेल, तर भाऊ म्हणेल की अब्बांनी ते खुशीने दिले होते, आणि खरे काय ते सांगायला अब्बा नसतील.