सर्वांस खुले, पण पाहतो कोण?

मंडळीच्या वार्षिक सभेत एक प्रसंग दरवर्षी घडतो. खजिनदार हिशेब वाचून दाखवितात. वही टेबलावर असते. "कोणास काही विचारावयाचे आहे काय?" असा प्रश्न होतो. क्षणभर शांतता; मग हात वर होतात व हिशेब मंजूर होतो. वही उघडून पाहण्याची मुभा सर्वांस होती, पाहिली मात्र कोणीच नाही. ह्याला आपण विश्वास म्हणतो. तो खरोखर विश्वास असतो की आळस? ह्या प्रश्नाचा विचार आपण संगणकाच्या जगातील एका घटनेवरून करू.

आपण मोबाईलवरून बँकेचा व्यवहार करतो, तेव्हा तो मजकूर वाटेत कोणास वाचता येऊ नये म्हणून सांकेतिक रूपात बदलावा लागतो. पलीकडे आपलीच बँक आहे, ह्याचीही खातरी करावी लागते. हे काम करणाऱ्या व जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनांपैकी एक म्हणजे ओपनएसएसएल. ऑस्ट्रेलियातील एरिक यंग व टिम हडसन यांच्या आधीच्या कामाच्या पायावर ते १९९८ साली उभे राहिले. त्याची सारी घडण उघडी आहे. कोणीही ती वाचावी, वापरावी, सुधारावी. मोल पडत नाही.

३१ डिसेंबर २०११ च्या रात्री ह्या साधनात एक नवी सोय घालण्यात आली. एका संगणकाने दुसऱ्यास विचारावे, "जागा आहेस ना? मग हा एवढ्या अक्षरांचा शब्द मला परत पाठव." शब्द खरोखर तेवढ्या अक्षरांचा आहे की नाही, हे तपासण्याचे मात्र राहून गेले. त्यामुळे लहानसा शब्द देऊन मोठा आकडा सांगणाऱ्यास, शब्दाशेजारी स्मृतीत जे पडले असेल तेही मिळू लागले. एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत! त्यात लोकांचे परवलीचे शब्द असत, कधी खुद्द कुलपाची किल्लीही असे. ही चूक ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाली. 'हार्टब्लीड' हे तिचे नाव. त्याच महिन्यात कॅनडाच्या कर खात्यातून सुमारे ९०० करदात्यांचे क्रमांक चोरीस गेले.

दोष कोणाचा? ज्याने ती ओळ लिहिली त्याचा, हे उत्तर सोपे आहे. त्याने चूक कबूलही केली. दुसऱ्या एकाने ते काम तपासले होते. त्याच्याही नजरेतून ती सुटली. परंतु उरलेले आपण? दोन वर्षांहून अधिक काळ ते लिखाण सर्वांसमोर उघडे होते. धनाढ्य कंपन्या त्यावर आपला व्यापार चालवीत होत्या. ह्या कामाला वर्षाकाठी मिळणारी देणगी मात्र साधारण २,००० डॉलर होती, आणि पूर्ण वेळ काम करणारा मनुष्य एकच. "इतके लोक वापरतात, तेव्हा कोणीतरी पाहिलेच असेल," असे प्रत्येकास वाटले.

म्हणून उघडेपणा व्यर्थ, असे मात्र आम्ही म्हणत नाही. चूक जाहीर झाली त्याच दिवशी दुरुस्त प्रतही सर्वांस मिळाली. पुढे मोठ्या कंपन्यांनी मिळून निधी उभारला व त्यातून दोघांच्या पूर्ण वेळच्या कामाची सोय झाली. झाकलेल्या वहीपेक्षा उघडी वही केव्हाही बरी. पण वही उघडी असणे व ती वाचली जाणे, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाहण्याची मोकळीक मिळाली की पाहण्याचे कर्तव्यही आपल्याकडे येते. ते टाळून पुढे चूक करणाऱ्याकडे बोट दाखविणे न्यायाचे नव्हे.

कोणी म्हणेल, तपासणे म्हणजे अविश्वास दाखविणे. आम्हांला तसे वाटत नाही. एकट्याच्या खांद्यावर सर्वांचे ओझे टाकून त्याला 'विश्वास' हे गोड नाव देणे, हीच त्या माणसाची खरी उपेक्षा होय. प्रामाणिक खजिनदारास वही तपासली गेल्याचे दुःख होत नाही. उलट, आपण एकटे नाही असे त्यास वाटते.

तेव्हा येत्या वार्षिक सभेत हात वर करण्यापूर्वी आपण टेबलापर्यंत जाऊ या. वही उघडू या. आणि वर्षभर ती लिहिणाऱ्यास विचारू या, "बंधू, आपणांस काही मदत हवी आहे काय?"